आवाज होता, पाणी नव्हतं

ईशान, मीरा,

गेल्या वेळी कॉलवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, ती शहाळ्यांची गोष्ट नीट लिही आणि त्या गूढ अनुभवांच्या ग्रूपवर टाक, म्हणजे आम्हालाही वाचता येईल." म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी हळूहळू वाचावं लागतं, तेव्हा वाक्यं छोटी ठेवते. ग्रूपवरच्या बाकीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. जवळजवळ प्रत्येक जण आधी सांगतो की माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मला हसू यायचं. विश्वास नाही तर इतकं लांबलचक लिहिता कशाला... आता स्वतः लिहायला बसले तर मलाही आधी तेच लिहावंसं वाटतंय. निवृत्त होईपर्यंत मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं मी कायम कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावली. एका प्राध्यापकांचं म्हणणं होतं की त्यांतली काही मानसशास्त्रात जायला हवीत. मी म्हटलं, सर, जे कुणी तपासलेलं नाही ते कथेत जातं. ते रागावले, पण पुस्तकं जागची हलली नाहीत.

पुढे जे सांगणार आहे ते मात्र मी तपासलेलं आहे. स्वतःच्या हातांनी, भर दिवसा, शेजारणीच्या समोर.

आम्ही नाशिक रोडला राहतो, जेल रोडच्या बाजूला. दुसरा मजला, पूर्वेकडे गॅलरी. तुमचे आजोबा अंबडच्या एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायपास झाली, ते तुम्हाला माहीत आहे. तुमची आई तेव्हा येऊन राहिली आणि आजोबा घरी आल्यावर परत गेली. पण हॉस्पिटलातली एक गोष्ट तिने तुम्हाला सांगितली नव्हती, ती आधी सांगते. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ऑपरेशन छान झालं. आजोबा दोन दिवस उत्तम होते, सिस्टरांना "इथला चहा मोटरच्या ऑइलसारखा आहे" असं सांगण्याइतके उत्तम. मग एका सकाळी मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली. ठोके कधी भरभर, कधी अडखळत. त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडीला काही नेमच नव्हता. घाईत जिना उतरणाऱ्या माणसाची पायरी चुकावी तशी ती चुकत होती.

डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. म्हणाले, "काकू, घाबरू नका. बायपासनंतर बऱ्याच जणांना असं होतं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. पण ते तसंच राहू द्यायचं नाही. आत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू."

"कशामुळे झालं?"

"कारणं बरीच असतात. काकांचं पोटॅशियम कमी झालंय, मॅग्नेशियमही. लघवीच्या औषधांनी शरीरातलं पाणी काढतो, त्याबरोबर तेही जातं. ही खनिजं रक्तात बरोबर मापात असली तर हृदय ताल धरून चालतं."

सलाइनमधून दोन्ही दिली, गोळ्या बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. आजोबा म्हणाले, "साधं टॉप-अप हवं होतं. मी उगाच इंजिन उघडलं."

मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की नोंदवून ठेवली. पोटॅशियम कमी झालं की ठोके बिघडतात. ते कमी होऊ द्यायचं नाही.

घरी पाठवताना डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, ब्लडप्रेशरची एक नवी गोळी दिली, आणि पोटॅशियमचं सिरप. ते पाण्यात मिसळून घ्यायचं. चव इतकी वाईट की आजोबा ते पिताना देवाचं नाव घ्यायचे, एरवी ते घेत नाहीत. आठवड्याने रक्त तपासून दाखवायला या, असंही सांगितलं. आहाराबद्दल म्हणाले, मीठ कमी.

आता आपल्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिकडे आजारी माणसाला फुलं नेतात, कार्ड पाठवतात. इथे शहाळी नेतात. रिकाम्या हाताने कुणी भेटायला येत नाही. आजोबांच्या कारखान्यातले जुने लोक, कॉलनीतले, दिंडोरीहून माझी मावसबहीण... जो येईल त्याच्या हातात सुतळीने बांधलेली शहाळी. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर समोरच्याला वाटतं, आपली भेटच नको होती. गॅलरीत शहाळ्यांची रांग लागली. मी ती आलेल्या क्रमाने लावली, जुनी पुढे, नवी मागे. आजोबा म्हणाले, "यांनाही नंबर देऊन टाक."

आणि मी खूश होते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं हे मी वाचलं होतं. सकाळी एक, दुपारी एक. वर रोज केळं. मिठाचंही मी व्यवस्थित केलं होतं. तुमच्या आईने जायच्या आधी मला मॉलमधून कमी सोडियमचं मीठ आणून दिलं होतं, हृदयाच्या पेशंटसाठी चांगलं म्हणून. मी कोणतंही पाकीट मागची बाजू वाचल्याशिवाय वापरत नाही. मागे इंग्रजीत लिहिलं होतं की सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम घातलं आहे. मला वाटलं, वा, हे तर दुहेरी काम झालं. भाजी, आमटी, भात, सगळ्यात तेच.

हसू नका. पुढचं वाचा.

घरी येऊन काही दिवस झाले. आजोबा कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लागले होते. एका सकाळी मात्र फेरी अर्ध्यावर सोडून आले आणि पलंगावर बसले.

"काय झालं?"

"काही नाही. पाय कुणीतरी उसने नेल्यासारखे वाटतायत."

मी नाडी पाहिली. मंद होती, आणि मध्येच एखादा ठोका गाळत होती. हॉस्पिटलातली सकाळ डोळ्यांपुढे आली. मी मनाशी हिशेब मांडला — ठोके बिघडलेत, अशक्तपणा आहे, म्हणजे पोटॅशियम पुन्हा कमी झालं. म्हणजे आज दोन शहाळ्यांऐवजी चार.

गॅलरीतून रांगेतलं पहिलं शहाळं उचललं. कानाशी धरून हलवलं. आत पाणी नीट डुचमळत होतं. वरून भोक पाडायचं स्टीलचं टोकदार साधन आपल्याकडे आहे, ते मारलं, आणि शहाळं ग्लासावर उपडं केलं.

काही आलं नाही.

वाटलं, भोक मलईने बुजलं असेल. दुसरं पाडलं. तरी काही नाही. हलवलं तर आता आवाजही नव्हता. सुरी घेऊन वरचा भाग कापला. आत पांढरीशुभ्र कोवळी मलई, ताजी, वास चांगला. पाण्याचा थेंब नाही. जरा ओलसरपणा, धुऊन पुसलेल्या वाटीला असतो तेवढा.

असतं एखादं, म्हणून दुसरं घेतलं. हलवून पाहिलं, भरपूर पाणी. भोक पाडलं... कोरडं. तिसरं तसंच. तोवर मी चांगलीच चिडले होते. पेशंट आत झोपलेला, आणि इकडे ही थट्टा.

मी तिसरं शहाळं पिशवीत घातलं, आजोबांना "आले हं" म्हटलं आणि खाली चौकात मंगलच्या गाडीवर गेले. मंगल सिन्नरकडची. आमच्या कॉलनीत येणारी निम्मी शहाळी तिच्याकडचीच असतात. तिने शहाळं फिरवून पाहिलं.

"काकू, भोक तर पाडलंय तुम्ही. पिऊन झालं आन् आता म्हन्ता पानी नाय?"

"मी कशाला खोटं बोलू, मंगल? हलवलं तेव्हा आवाज होता. भोक पाडलं आणि पाणी नाही."

"खोटं नाय म्हनत वो मी. पर शहाळं काय बाटली हाय का, बूच उघडं ऱ्हायलं आन् उडून गेलं?" तिने गाडीवरचं एक उचललं, माझ्या कानाशी हलवलं. "आईका. हाय का नाय?"

होतं. तिने कोयत्याने दोन घाव घातले, शेंडा उडवला, आणि स्ट्रॉ टोचायला गेली. मग थांबली. शहाळं वाकवून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

शेजारी एक गृहस्थ स्कूटर चालू ठेवून उभे होते. "बाई, माझं आधी द्या, मला ड्युटीवर पोचायचंय." मंगलने त्याच घडातलं दुसरं फोडून त्यांना दिलं. फोडताना पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. त्यांनी ते उभ्या उभ्या संपवलं, पैसे दिले आणि जाता जाता मला म्हणाले, "मावशी, बोहनीलाच भांडू नका, बरकत जाते."

"आता माझं फोड," मी मंगलला म्हटलं.

तिने फोडलं. कोरडं.

मंगलने कोयता गाडीवर ठेवला. पदराने हात पुसले. "काकू, राग नका मानू. पैशे नका देऊ. पर आज तुम्हाला नाय देनार मी. लय वर्सं झाली मला ह्या धंद्यात, हे असलं नाय पाह्यलं."

मी परत आले तर जिन्यात आहेर वहिनी भेटल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, मूळच्या सटाण्याच्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला झोप नाही ना पुरेशी, म्हणून होतंय असं. थांबा, मी आणते." आणि खरंच जाऊन दोन शहाळी घेऊन आल्या. एक आजोबांसाठी, एक त्यांच्या सुनेसाठी. सुनेला तेव्हा दिवस गेलेले होते. दोन्ही त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली.

"हे सुनेचं," म्हणाल्या आणि भोक पाडलं. ग्लास काठोकाठ भरला. त्यांच्या नातवाने तो लगेच उचलून आईकडे नेला. वहिनींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आणि हे भाऊंचं." भोक पाडलं, उपडं केलं.

वहिनी शहरात शुद्ध बोलतात. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली. "हाई काय शे?" म्हणाल्या, म्हणजे हे काय आहे, आणि शहाळं ओट्यावर ठेवून दोन पावलं मागे सरकल्या.

मी सुनेच्या ग्लासाची चौकशी केली. त्यातलं थोडं आजोबांना देता आलं असतं. तिने तो एका दमात संपवला होता. गोड होतं म्हणाली.

तर अशी ती सकाळ. मी आत गेले. आजोबा भिंतीला टेकून बसले होते, चेहरा फिका, पण डोळे मिस्कील. त्यांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"पाणी कुणी प्यायलं, सांगू का?"

"तुम्ही गप्प पडून राहा."

"ताईने. तिला शेवटपर्यंत दिलं नाहीस ना शहाळं. वसूल करतेय बघ."

ताई म्हणजे आजोबांची मोठी बहीण, शकूताई. हॉलमधल्या फोटोत जाड चष्म्याच्या आहेत त्या. तुम्ही दोघं जन्मायच्या आधी त्या गेल्या. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. जीभ तिखट. मी लोणच्याच्या बरण्यांवर नावं लिहून ठेवते म्हणून त्या मला "म्युनिसिपालटी" म्हणायच्या. शेवटची काही वर्षं त्यांच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. त्यांना शहाळ्याचं पाणी जिवापाड आवडायचं आणि नेमकं तेच बंद होतं. "म्युनिसिपालटी, एक घोट," म्हणायच्या. मी म्हणायचे, "शकूताई, नाही." त्या म्हणायच्या, "वर गेल्यावर पहिलं तेच पिणार आहे, तुला विचारणार नाही." आम्ही दोघी हसायचो. त्यांना बंद होतं ते बरोबरच होतं. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, त्यांनाही नाही.

आजोबांच्या थट्टेला मी काहीतरी उत्तर देणार होते. पण एक प्रश्न मनात आला, आणि तो इतका साधा होता की मला माझीच लाज वाटली.

शकूताईंना शहाळं का बंद होतं?

पोटॅशियममुळे. किडनी ते बाहेर टाकू शकत नव्हती. रक्तात साठलं तर हृदय थांबेल, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. म्हणून मी भाज्या उकळून ते पाणी फेकून द्यायचे, केळं घरात आणायचे नाही. हे सगळं मला माहीत होतं. पाठ होतं. पण ते शकूताईंचं, किडनीचं. आजोबांचं हृदयाचं. मी माझ्या सवयीप्रमाणे दोन विषय दोन कपाटांत ठेवले होते आणि दोन्हींना कुलूप लावलं होतं. मधुमेहामुळे आजोबांची किडनीही जराशी मंद आहे, हे हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं होतं. तेही मी वाचलं होतं. फाइल केलं होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. खरं सांगायचं तर सिरप वाढवू का हे विचारायलाच मी फोन करणार होते. आता प्रश्न उलटा झाला. "डॉक्टर, पोटॅशियम जास्त झालं तरी ठोके बिघडतात का?"

"काकू, काकांना काय होतंय?"

मी सांगितलं.

"आत्ता आणा. सिरप देऊ नका. काहीच देऊ नका."

आहेर वहिनींच्या मुलाने गाडी काढली. उड्डाणपुलावर ट्रॅफिक होता. आजोबांचं मनगट मी हातात धरून बसले होते. एक ठोका यायचा, आणि मग पुढच्याची वाट पाहावी लागायची. त्या वाट पाहण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तुम्ही मोठे झालात की कधीतरी कुणाची तरी नाडी धराल, तेव्हा कळेल. आजोबा एवढंच म्हणाले, "अगं, एवढं घट्ट धरलंस तर रक्त जाणार कुठून?"

हॉस्पिटलात पोचल्याबरोबर ईसीजी काढला, रक्त घेतलं. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा पोटॅशियम साडेसहाच्या वर होतं. पाचच्या आत असायला हवं. मला कळायच्या आत आजोबा पडद्यामागे होते आणि सलाइनच्या दोन नळ्या लागल्या होत्या.

दुपार टळली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. रेघ सुधारत होती. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "आता मला नीट सांगा, काकू. खायला-प्यायला काय काय देत होतात?"

मी क्रमाने सांगितलं. सिरप. केळं. सकाळी एक शहाळं, दुपारी एक. त्यांनी मान हलवली. मग मी थोड्या अभिमानानेच म्हटलं, "मीठ मात्र साधं नाही वापरत हं. कमी सोडियमचं वापरते."

डॉक्टरांनी डोळे मिटले. काही वेळ मिटलेलेच ठेवले.

"काकू, ब्लडप्रेशरची जी नवी गोळी दिली आहे ती पोटॅशियम धरून ठेवते. एकटी असती तर चाललं असतं, सिरप धरूनसुद्धा चाललं असतं. आहाराबद्दल आम्हीही तुम्हाला जास्त स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तुम्ही चारी बाजूंनी भरत होतात."

"आणि आज मी चार शहाळी देणार होते," मी म्हटलं.

"आज किती दिलीत?"

"एकही नाही."

"का?"

मी म्हटलं, "सगळी कोरडी निघाली."

"नशीब," ते म्हणाले आणि उठले. पुढे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जाताना मात्र वळून म्हणाले, "आज ती दिली असतीत तर तुम्ही इथवर पोचला असतात की नाही, मला सांगता येत नाही."

आजोबा दोन दिवसांनी घरी आले. ठोके सरळ, पाय परत मिळालेले. सिरप बंद, शहाळं बंद, केळं बंद, आणि ते मीठ मी सिंकमध्ये ओतलं. (इथल्या वाचकांना सांगते, माझं वाचून कुणी आपली औषधं वाढवू नका, कमीही करू नका. डॉक्टरांना विचारा, आणि घरात काय काय देता ते सगळं सांगा. मिठासकट.)

आता तपासण्याचा भाग. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते गॅलरीतल्या उरलेल्या शहाळ्यांचं. आहेर वहिनींना साक्षीला बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत यायला तयार नाहीत. मी एकेक शहाळं फोडलं.

सगळी भरलेली. एकूण एक. पातेलं भरलं, मग दुसरं पातेलं घ्यावं लागलं. कॉलनीतल्या मुलांना बोलावून वाटून टाकलं.

तुमच्या बाबांचं म्हणणं, शहाळ्याला बारीक तडा गेला की पाणी झिरपतं. मान्य. पण मग हलवताना आवाज कशाचा? ईशान, तू म्हणालास की थंडीने आत काहीतरी दाब वगैरे... मी तुझं वाक्य नीट ऐकलं होतं, पण नाशिकची थंडी कॅलगरीची नाही, बाळा. आणि मंगलच्या गाडीवर एकाच घडातलं एक कोरडं, एक भरलेलं, पुन्हा एक कोरडं, हे कसं? मीरा, तू म्हणालीस की आजी दमली होती, तिला भास झाला. मग आहेर वहिनींना कुणाचा भास झाला? मंगल तर आजही मला पाहिलं की आधी हात जोडते आणि मग भाव सांगते.

मी पुस्तकं शोधली, नेटवर वाचलं, नारळाच्या बागा असलेल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, जून झालं की पाणी आटतं." मी म्हटलं, मलई कोवळी होती. तो म्हणाला, "मग नाही आटत." तिथे संभाषण संपलं.

आजोबांना या शोधाशोधीत काही रस नाही. त्यांच्या मते त्यांनी पहिल्याच मिनिटाला उत्तर दिलेलं आहे.

पितृपक्षात दरवर्षी शकूताईंच्या तिथीला मी पान वाढते. त्यांना आवडायची ती अळूची भाजी, वडे, खीर. यंदा मंगलकडून एक शहाळं आणलं. तिने शेंडा नुसता तासून दिला. मी स्ट्रॉ टोचला आणि ते त्यांच्या फोटोसमोर पानाच्या डाव्या बाजूला ठेवलं. आजोबांनी ते पाहिलं. जेवणं झाली. आम्ही दोघं दुपारी जरा आडवे झालो.

चार वाजता मी पान उचलायला गेले. मुद्दाम शहाळ्याला शेवटी हात लावला. मी काय होण्याची वाट पाहत होते ते मला विचारू नका. उचललं तर जड होतं. स्ट्रॉपर्यंत भरलेलं, जसं ठेवलं तसं. खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं.

आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "आहे का पाणी?"

"आहे. भरलेलंच आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले. "म्हणजे सध्या काळजीचं कारण नाही."

आणि पेपरचं पान उलटलं.

मी ते शहाळं गॅलरीत नेलं आणि उभ्यानेच प्यायले, सगळं. गोड होतं. त्या सकाळी ते का आणि कसं झालं हे मला आजही सांगता येत नाही.

— तुमची आजी, नाशिक रोड